सरासरीचा धडा चित्रफितीतून

एका वाडीत पाच शेतकरी आहेत. चौघांची जमीन अनुक्रमे एक, एक, दोन व दोन एकर, आणि पाचव्याची चोवीस एकर. सरासरी काढल्यास ती सहा एकर भरते. परंतु सहा एकर जमीन त्या वाडीत कोणाचीच नाही. हेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेतला, म्हणजे मध्यक काढला, तर तो दोन एकर येतो आणि वाडीची खरी स्थिती ध्यानात येते.

हा केवळ शाळेतील गणिताचा भाग नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई प्रामुख्याने विमा क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते. स्वतःचे पीक बुडूनही भरपाई का मिळाली नाही, या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या सरासरीतच दडलेले असते.

असे धडे आंतरजालावरून शिकविण्यासाठी चित्रफीत तयार करणे आता शिक्षकांच्या आवाक्यात आले आहे. १९७५-७६ मधील उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सुमारे २४०० खेड्यांनी केंद्रात तयार झालेले कार्यक्रम पाहिले; आज गावातला शिक्षकच निर्माता होऊ शकतो. कॅमेरा असलेला मोबाईल, तो कागदावर रोखून धरणारा स्टँड, कोरे कागद व जाड टोकाचे पेन एवढे साहित्य पुरते. चित्र थोडे अंधुक असले तरी चालते, आवाज अस्पष्ट असून चालत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा.

लांबीचा मोह मात्र टाळावा. एडएक्स या अमेरिकी शिक्षणमंचावरील चार अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याच्या ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चित्रफीत कितीही लांब असली तरी विद्यार्थी साधारणतः सहा मिनिटांपलीकडे रमत नाहीत, असे त्यात आढळले. छापील तक्ते दाखविण्यापेक्षा बोलता बोलता हाताने लिहीत जाणे अधिक परिणामकारक ठरते, हेही दिसले. फळ्यावर वर्षानुवर्षे शिकविणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

एका चित्रफितीत एकच कल्पना घ्यावी. सहा एकर हे उत्तर लिहिल्यावर थोडे थांबावे व ‘इतकी जमीन कोणाकडे आहे?’ असे विचारावे. विद्यार्थ्याने स्वतः शोध घेतल्यावरच मध्यकाकडे वळावे. बहुलकाचा धडा चपलांच्या दुकानापासून सुरू करता येईल. गिऱ्हाइकांच्या पायांचे सरासरी माप काढून दुकानदार माल भरीत नाही. जे माप सर्वाधिक खपते, त्याचेच जोड तो अधिक ठेवतो.