असे का? : शेवटच्या आकड्याला मोकळीक का नसते

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. असे वाण निवडताना ते अनेक प्लॉटमध्ये लावून पाहतात, कारण एकाच शेतातही उतारा कमी-जास्त होतो. हा चढउतार मोजायचा कसा?

समजा, पाच प्लॉटची सरासरी १० किलो आली. चार प्लॉटमध्ये ८, ११, १२ आणि ७ किलो कापूस निघाला असेल, तर पाचव्यात १२ किलोच असणार. पाच भावांच्या वाटणीत चौघांनी हिस्सा निवडला की पाचव्याला उरलेलाच मिळतो, तसे हे. सरासरी ठरली की मोकळे आकडे चारच उरतात. संख्याशास्त्रात यांनाच ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणतात.

सरासरी याच आकड्यांतून काढलेली असल्याने ती त्यांच्या जवळच बसते आणि चढउतार खऱ्याहून कमी भासतो. म्हणून सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज पाचाने नव्हे, चाराने भागतात. १९२०च्या दशकात इंग्लंडमधील रोदमस्टेड केंद्रात शेतीप्रयोगांवर काम करताना रोनाल्ड फिशर यांनी हा विचार रुजवला.

लातूरच्या शेतकऱ्याने सोयाबीनचे नवे बियाणे एकाच प्लॉटमध्ये पाहिले, तर मोकळा आकडा उरतो शून्य. तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. आधी प्लॉट वाढवावेत.