बाळाचं नाव: पाळण्यापासून जन्मदाखल्यापर्यंत

बाळाचं नाव दोनदा ठेवलं जातं. एकदा घरात, बारशाला, आत्याच्या तोंडून. दुसऱ्यांदा जन्म-मृत्यू नोंदणीच्या वहीत. पहिल्याची तयारी कित्येक महिने चालते. दुसरं काम मात्र दवाखान्यातून घरी निघायच्या गडबडीत उरकलं जातं, आणि मुलाला पुढे जन्मभर पुरतं ते या वहीतलंच नाव. म्हणून दोन्ही कामं कशी चालतात ते एकदा नीट समजून घ्यावं.

ज्या घरात पत्रिका पाहतात तिथे सुरुवात आद्याक्षरापासून होते. चंद्राच्या वाटेवर २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, असे १०८ चरण होतात. अवकहडा चक्रात त्या प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेलं आहे. अश्विनीला चू, चे, चो, ला; रोहिणीला ओ, वा, वी, वू; मघाला मा, मी, मू, मे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण सहा तासांच्या आसपास चालतो. त्यामुळे जन्मवेळ दहा-पंधरा मिनिटांनी पुढेमागे नोंदली गेली तरी अक्षर सहसा बदलत नाही. जन्म दोन चरणांच्या सांध्यावर असेल तरच पंचांग पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

काही चरणांची अक्षरं व्यवहारात उपयोगाचीच नाहीत. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ‘ञ’. या अक्षरांनी मराठीत नाव सुरू होत नाही, मग गुरुजी जवळचं दुसरं अक्षर सुचवतात. तरीही अक्षरावरून घरात वाद होतात, आणि ते खरोखर टाळता येण्यासारखे आहेत. संस्कारग्रंथांत देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार प्रकारची नावं सांगितली आहेत. नक्षत्रनाम पत्रिकेत राहतं, हाक मारायची ती व्यवहारनामाने. आजीला ‘म’ हवा आहे आणि आईबाबांना ‘ईरा’ आवडलं आहे, तर पत्रिकेत ‘म’चं नाव घालून मुलीला ईरा म्हणायला परंपरेचीच मोकळीक आहे.

बारसं नावाप्रमाणे बाराव्या दिवशी. बाळंतिणीची तब्येत आणि पाहुण्यांची सोय पाहून ते पुढे गेलं तरी कुणी मनाला लावून घेत नाही. कुंची घालून नटवलेला वरवंटा आधी पाळण्याच्या खालून-वरून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात जातो, मग बाळ. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि घुगऱ्या वाटल्या जातात. मुस्लिम घरांत सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवण्याची रीत आहे, ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याला. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांतून सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावं मोठ्या संख्येने आली. एका पिढीने आपल्या मुलांना नवी ओळख दिली ती आधी नावातून.

नाव किती जड होऊ शकतं हे सातारा जिल्ह्याने पाहिलं आहे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, म्हणून तिचं नाव नकुशा, नकोशी. शाळेच्या हजेरीत रोज तेच पुकारायचं. २०११ साली जिल्हा प्रशासनाने अशा अडीचशेहून अधिक मुली शोधून जाहीर कार्यक्रमात त्यांना नवी नावं दिली. धोंडू, दगडू ही नावं मात्र वेगळ्या मायेतून आली. आधीची मुलं दगावलेल्या घरात हे तरी दगडासारखं टिकावं, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून ती ठेवत. दोन्हींत बाळाला विचारलेलं नाही. तेव्हा आपण निवडलेलं नाव हजेरीत, नोकरीच्या मुलाखतीत आणि म्हातारपणीही त्याला शोभेल का, एवढा विचार आपणच करायचा.

नाव सुचलं की ते पूर्ण म्हणून पाहावं. आपल्याकडे नावापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव येतंच. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. निर्णय चांगलाच आहे. जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिचं नाव कागदावर यायला फार उशीर झाला. पण चार शब्दांची ओळ अर्जाच्या चौकटीत बसवायची असल्याने बाळाचं नाव आटोपशीर असलेलं बरं.

यानंतर इंग्रजी स्पेलिंग, आणि इथे खूप वेळ द्यावा. ‘ज्ञानदा’ आपण डी-एन-वाय असं लिहितो, उत्तरेकडे तोच ‘ज्ञ’ जी-वाय होतो. ‘ऋतुजा’ आर-यू की आर-आय? ‘ईशा’ आयने की दोन ईने? आर्य आणि आर्या इंग्रजीत एकसारखेच दिसतात. ‘ळ’ला तर इंग्रजीत स्वतंत्र अक्षरच नाही. यातलं कुठलंच स्पेलिंग चूक नाही. पण दाखल्यावर एक, शाळेत दुसरं आणि आधारवर तिसरं झालं, की दहावीच्या वर्षी पालकांच्या फेऱ्या सुरू होतात.

आता नोंदणी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९चा. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. दवाखान्यात जन्म झाला तर ती दवाखाना देतो, घरी झाला तर घरच्यांनी द्यायची. नोंद होते ती जन्म जिथे झाला त्या ठिकाणच्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत, त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या जोडप्याच्या बाळाची नोंद सांगलीजवळच्या एखाद्या ग्रामपंचायतीत असते. दाखला तिथूनच मिळतो. आईचं नाव दवाखान्याच्या केसपेपरवर माहेरचं आणि आधारवर सासरचं, असं अनेकदा होतं. ते भरती होतानाच एकसारखं करून घ्यावं.

नाव ठरलं नसेल तर घाई करू नये. बाळाच्या नावाशिवायही जन्माची नोंद होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा लिहिलेलं नाव बदलणं सोपं नाही. लेखनातली चूक निबंधक पुरावा पाहून दुरुस्त करतात. अख्खं नावच बदलायचं तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि मग एकेक कागद बदलत जाणं आलं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून या दाखल्याचं वजन आणखी वाढलं आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, आधार या कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणून बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव मराठीत व इंग्रजीत एका कागदावर सुवाच्य लिहून तोच कागद खिडकीवर द्या, तोंडी सांगू नका. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा.