टेकडी चढल्यावर मन का सावरतं?

गेल्या आठवड्यात शहरातल्या एका वडिलांचं पत्र आलं. कोर्टाने भेटीचे दिवस ठरवून दिलेत, पण मुलगी समोर यायलाच तयार नाही. ‘रोज पहाटे गोगाबाबा टेकडी चढतो. उतरेपर्यंत बरं वाटतं. हे एंडॉर्फिनमुळेच ना?’

बहुधा नाही. २०२१ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी धावणाऱ्यांना नाल्ट्रेक्सोन देऊन एंडॉर्फिनचा परिणाम रोखला, तरी धावल्यावरचा आनंद कमी झाला नाही. वाढले होते ते एंडोकॅनाबिनॉइड, म्हणजे शरीरातच तयार होणारी, गांजातल्या द्रव्यासारखं काम करणारी रसायनं.

मला मात्र त्याहून जुना प्रयोग मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल यांनी नैराश्य असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या १५६ जणांचे तीन गट केले: कुणाला सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध, कुणाला आठवड्यातून तीनदा व्यायाम, कुणाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले. औषधाचा गुण लवकर आला, एवढंच. खरी गंमत पुढे. बरे झालेल्यांपैकी किती जणांना नैराश्याने पुन्हा गाठलं, हे दहाव्या महिन्यात पाहिलं. औषधवाल्यांत ३८ टक्के, दोन्ही घेणाऱ्यांत ३१ आणि निव्वळ व्यायाम करणाऱ्यांत फक्त ८! संशोधकांचा अंदाज असा, की ‘हे मी माझ्या मेहनतीने केलं’ ही भावनाच व्यायामवाल्यांच्या कामी आली असावी.

मुलापासून तुटलेल्या आईबापाच्या हातात काय असतं? तारीख कोर्टाची, नकार मुलाचा. अशा वेळी टेकडीचा चढ तेवढा स्वतःचा असतो. मला यातच पत्राचं उत्तर दिसतं.

एका पालकाने मन कलुषित केल्यामुळे मूल दुसऱ्याला नाकारतं, अशा दुराव्याला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ साली ‘पॅरेंटल एलिअनेशन सिंड्रोम’ म्हटलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या एका निकालात त्याचा उल्लेखही केला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२० साली ‘पॅरेंटल एलिअनेशन’ ही संज्ञा आपल्या आजारसूचीतून वगळली, आणि ते बरंच झालं. मुलाचा नकार कधी खऱ्या भीतीतूनही येतो. त्यावर आजाराचा शिक्का मारला की त्याचं ऐकून घेणं थांबतं. आईबापाचं दुःख त्यामुळे खोटं ठरत नाही.

टेकडी सोडू नका. जमलं तर सोबतीने चढा. ड्यूकमध्येही व्यायाम गटानेच व्हायचा. गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. जगणंच नकोसं वाटू लागलं तर व्यायामाच्या भरवशावर राहू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा; तिथे मराठीत बोलता येतं.