लोकरी अस्तराचा जुना चामडी कोट

ज्या कुटुंबांत आजोबा किंवा काका सैन्यांत होते, तेथें माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली असतां क्वचित् चामड्याचा, आंतून दाट लोकरीचा कोट निघतो. लेस्ली आयर्विन ह्या हवाई छत्र्या बनविणाऱ्या गृहस्थानें अशा कोटाचा एक नमुना केला व दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश वैमानिकांनीं तो वापरला. दर १,००० मीटर उंचीस हवा सुमारें ६.५ अंश थंड होते. तेव्हां आमच्या आष्टीस वैशाखांत ४० अंश उष्मा असला, तरी जमिनीपासून ६,००० मीटर वर तो शून्याच्या आसपास उतरतो!

ह्या कोटाची मेख अशी कीं, अस्सल कोटास अस्तर वेगळें शिवलेलें नसतें. मेंढीचें कातडें लोकरीसकट कमावून, लोकर आंत ठेवून तो शिवतात. म्हणून लोकरीस जें करावें तें कातड्यासहि भोगावें लागतें.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तेथें लोकरी कांबळ्यांस रिठा सांगितला आहे व चामड्याची शुद्धि वस्त्राप्रमाणें मानिली आहे. पहिली गोष्ट आजहि उपयोगाची; रिठ्याचा फेस सौम्य असतो, धुण्याचा सोडा मात्र लोकर खातो. दुसरें वचन विधीच्या शुद्धीचें. तें घेऊन कोट बादलींत बुडवूं नये. कमावलेल्या कातड्याच्या तंतूंमध्यें स्निग्धांश असतो. पाण्यानें तो निघून जातो, तंतु एकमेकांस चिकटतात आणि वाळल्यावर कातडें लांकडासारखें होतें. त्यांत ऊन लागलें तर तें आखडतेंहि.

आतां कृति. कातडें तांबूस होऊन बोटास भुकटी लागत असेल, तर साफसफाई करूंच नये. सुती कापडांत गुंडाळून ठेवावा. कसर लागली असल्यास कोट प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या शीतपेटींत दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडूं नये. बुरशी असेल तर नाकास फडकें बांधून, अंगणांत, सावलींत मऊ ब्रशानें झाडावी. मग कॉलरखालीं आधीं पारखून, पिळलेल्या फडक्यानें चामडें हलकें पुसावें. लोकरीस रिठ्याचा केवळ फेस, तोहि वरचेवर लावून टिपून घ्यावा. कोट रुंद खुंटाळ्यावर सावलींत वाळवावा. इस्त्री, शेगडी, बुटाचें पॉलिश व खोबरेल ह्यांस दूर ठेवावें. खोबरेलानें डाग पडतो व पुढें तें खवट होतें.

उसवलेली शिवण घरीं शिवूं नये. जुन्या कातड्यांत सुईचें प्रत्येक भोंक पुढच्या फाटण्याची सुरुवात असते. तें काम जाणत्या चर्मकाराचें. येथें एक विचार मनांत येतो. मुंजींत बटूस अजिन धारण करविणारे आपण, तें कातडें कमावणाऱ्या हातांस पिढ्यान् पिढ्या ओटीवर येऊं देत नव्हतों. कोट नीट करावयाचा असेल तर त्या कारागिरास सन्मानानें घरीं बोलवावें, त्याचें ऐकावें, आणि तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करतां द्यावी.

पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां कोट वाऱ्यास लावावा, एरवीं पेटींत सुती अभ्र्यांत असावा. मुलांस तो अवश्य दाखवावा, व तो कोणाच्या अंगावर होता हेंहि सांगावें.