दोन-तीन एकरांसाठी किती एचपीचा ट्रॅक्टर घ्यायचा? आधी खाचर मोजा, मग शोरूम गाठा

व्हिडिओत हा विषय घाईघाईत झाला, कारण आकडे तोंडी सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातात. म्हणून इथे कागद-पेन घेऊन बसा. आज आपण फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर काढणार आहोत. ज्याचा मुख्य धंदा दुसराच आहे आणि ज्याच्याकडे दोन, तीन, फार तर पाच एकर शेती आहे, त्याने ट्रॅक्टर कोणत्या मापाचा घ्यावा आणि मुळात घ्यावा का?

भिवंडीत हा प्रश्न विचारणारे कमी नाहीत. कुणाचे लूम आहेत, कुणाचं माणकोली-पूर्णाकडे गोदाम आहे, कुणाचे टेम्पो चालतात. वडिलोपार्जित जमिनीतला काही भाग गोदामांखाली गेला, उरलेली दोन-तीन एकर पडघा, वज्रेश्वरी किंवा वाड्याच्या बाजूला आहे. रविवारी तिथे जायचं, भात करायचं, वाल-हरभरा करायचा, दहा-वीस आंब्याची झाडं लावायची. हौस आहे, पण हौसेच्या मागे चार-पाच लाख जाणार असतील तर ते भांडवल आहे. माझं दुकान बेअरिंग, बेल्ट आणि ऑइल सीलचं, त्यामुळे ट्रॅक्टर घेतल्यानंतर काय काय होतं ते काउंटरच्या या बाजूने रोज दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंटरनेटवर अमेरिकेतल्या पाच एकरवाल्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडचा ट्रॅक्टर ठरवू नका. तिकडे हौशी शेतकऱ्याचा छोटा ट्रॅक्टर गवत कापतो, पुढच्या बकेटने माती-खत उचलतो, बर्फ ढकलतो. आपल्याकडे त्याचं मुख्य काम जुलैच्या पावसात, गुडघाभर चिखलात, बांध घातलेल्या छोट्या खाचरात फिरण्याचं आहे. काम वेगळं, म्हणजे मापही वेगळं.

मोठा घेतला तर काय हरकत आहे?

काउंटरवर हमखास येणारा प्रश्न. "दादा, घेतोच आहे तर पंचेचाळीसचा घेऊ ना, उद्या कामाला येईल." घाटावर, सलग पाच-दहा एकराच्या काळ्या रानात, हे बरोबर आहे. आपल्याकडे गणित फिरतं, आणि ते फिरवतो बांध.

हिशेब करून बघा. चार गुंठ्यांचं एक खाचर धरा, म्हणजे साधारण २० मीटर बाय २० मीटर. मोठ्या ट्रॅक्टरला ५ फुटी रोटावेटर आहे, म्हणजे दीड मीटर. तो ताशी ३ किलोमीटरने चालला तर २० मीटरचा एक फेरा २४ सेकंदांत होतो. असे १३ फेरे लागतील. पण प्रत्येक फेऱ्यानंतर बांधापाशी थांबायचं, रोटावेटर उचलायचा, मागे-पुढे करून वळायचं, पुन्हा टेकवायचा. यात २५ सेकंद आरामात जातात. म्हणजे काम करायला जेवढा वेळ, तेवढाच वळायला. एका खाचराला साडेदहा मिनिटं.

आता छोटा ट्रॅक्टर. एक मीटरचा रोटावेटर, वेग ताशी अडीच किलोमीटर. एक फेरा २९ सेकंद, फेरे २०. पण तो जागच्या जागी वळतो, १२ सेकंदांत. एका खाचराला पावणेचौदा मिनिटं.

कागदावर मोठा ट्रॅक्टर पावणेदोनपट जलद दिसतो. खाचरात तो फक्त सव्वापट-दीडपटच्या मध्ये कुठेतरी येतो. वर कोपरे राहतात ते वेगळे. मोठ्या यंत्राला कोपऱ्यात शिरता येत नाही, तिथे मजूर लावून कुदळ मारावी लागते. आणि एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध फुटतो. भातशेतीत बांध फुटला म्हणजे पाणी गेलं, पाण्याबरोबर खत गेलं आणि शेजाऱ्याशी भांडण आलं ते निराळंच.

वजनाचाही प्रश्न आहे. दीड-दोन टनाचं यंत्र ओल्या रानात वर्षानुवर्षं फिरलं की खालची माती दाबून घट्ट होते. भाताला थोडा घट्ट थर चालतो, उलट पाणी धरून ठेवायला हवाच असतो. पण त्याच खाचरात रब्बीला वाल किंवा हरभरा घ्यायचा असेल तर मुळं खाली उतरत नाहीत. आणि खाडीच्या बाजूला, खारबाव-पायगावच्या पट्ट्यात, मऊ जमिनीत जड ट्रॅक्टर रुतला तर काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

मग सगळ्यात छोटा घ्यावा का?

तेही नाही. आधी अवजार ठरवा, त्यावरून ट्रॅक्टर. बहुतेक लोक उलटं करतात. ढोबळ मानाने ३ फुटी रोटावेटरला १५ ते २० एचपी, ४ फुटीला २५ ते ३०, ५ फुटीला ३५ ते ४० आणि ६ फुटीला ४५-५० एचपी लागते. इंजिनवर जी एचपी लिहिलेली असते ती सगळी मागच्या पीटीओ शाफ्टला मिळत नाही, साधारण १५ टक्के वाटेत जाते. १५ एचपीच्या ट्रॅक्टरला मोठा रोटावेटर लावून "चालतो की" म्हणणारे असतात. चालतो, पण क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स त्याची किंमत मोजतात.

साधारण पायऱ्या अशा आहेत. ५ ते ७ एचपीचा पेट्रोल किंवा डिझेल वीडर म्हणजे परसबाग, भाजीचे वाफे, झाडांमधली निंदणी. तो भाताची चिखलणी मनापासून करत नाही. त्याच्यावर पॉवर टिलर, १२ ते १५ एचपीचा, मागे चालत हाकायचा. व्हीएसटीचा १३ एचपीचा टिलर कोकणात बराच दिसतो. हे यंत्र मुळात जपानच्या छोट्या भातखाचरांसाठी घडलेलं, त्यामुळे आपल्या खाचरात ते चपखल बसतं. लोखंडी केज व्हील लावली की चिखलात तरंगल्यासारखं चालतं, बांधावरूनही सहज उतरतं. पण माणसाला दमवतं. पंचविशीतला गडी दिवसभर हाकेल. चाळिशी ओलांडलेला, आठवडाभर गोदामात खुर्चीवर बसणारा मालक रविवारी दोन तासांत हात टेकतो. हे मी चेष्टेने म्हणत नाही. टिलर घेण्याआधी तो हाकणार कोण, हे नक्की करा.

मग बसून चालवायचे मिनी ट्रॅक्टर. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराजचा ७१७ हे दोन्ही १५ एचपीचे. राजकोटच्या कॅप्टनचेही या मापात आहेत. त्याच्या वर २० ते २५ एचपीचा गट आहे, कुबोटाचा ए२११एन २१ एचपीचा, कुबोटाचाच बी२४४१ आणि महिंद्राचा जीवो २४५ हे २४ एचपीचे, आणि हे तिन्ही फोर व्हील ड्राइव्ह. इथे फोर व्हीलचा अर्थ नीट समजून घ्या. ट्रॅक्टर ओढतो तो इंजिनाच्या जोरावर कमी आणि चाकांच्या पकडीवर जास्त. हलका, टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर चिखलात गेला की मागची चाकं जागेवर गरगर फिरतात, डिझेल जळतं, यंत्र पुढे सरकत नाही. चारही चाकांना जोर मिळाला की संपूर्ण वजन कामाला लागतं. म्हणून फक्त आंब्याची बाग आणि वरकस जमिनीवरचं कोरडं काम असेल तर १५ एचपी टू व्हील पुरतो. भाताची चिखलणी असेल तर माझं मत २० ते २५ एचपी आणि फोर व्हील ड्राइव्ह, किंवा मग सरळ पॉवर टिलर. मधला रस्ता महाग पडतो.

बागेसाठी आणखी दोन गोष्टी. सायलेन्सर उभा नको, खालून जाणारा हवा, नाहीतर आंब्याच्या फांद्या मोडतात. आणि उताराच्या वरकसवर अरुंद चाकांचा ट्रॅक्टर आडवा चालवू नका, चढ-उताराच्या दिशेने चालवा. अरुंद यंत्राचा तोल लवकर जातो, आणि ट्रॅक्टर उलटला तर खाली सापडलेल्या माणसाला वेळ मिळत नाही. मागे लोखंडी रोल बार असलेलं मॉडेल मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या, आणि बसताना त्याचा पट्टाही लावा. पट्टा नसेल तर तो बार निम्माच उपयोगाचा.

आता पैशाचं

भांडवल ५ लाख धरू. त्यात २०-२४ एचपीचा ट्रॅक्टर आणि रोटावेटर. तुमच्या कोटेशनचा आकडा वेगळा असेल, पद्धत हीच. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागून घ्या.) दहा वर्षांनी दीड लाखाला विकला जाईल असं धरलं तर घसारा वर्षाला ३५,००० रुपये. अडकलेल्या पैशावर १० टक्क्यांनी व्याज साधारण ३२,५००. पैसा स्वतःचा असला तरी व्याज धरायचंच, तोच पैसा धंद्यात फिरला असता. विमा, शेड, बॅटरी, टायर मिळून १२,५००. एकूण ८०,००० रुपये वर्षाला. ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरीसुद्धा.

चालवण्याचा खर्च तासाला डिझेल २३०, ड्रायव्हर १२०, ऑइल-दुरुस्ती ५०, म्हणजे ४००. तुमच्या गावात भाड्याचा ट्रॅक्टर तासाला १,००० रुपये घेतो असं धरा. म्हणजे स्वतःच्या ट्रॅक्टरने दर तासाला ६०० वाचतात. ८०,००० भागिले ६००, उत्तर १३३ तास. वर्षाला इतके तास चालला तरच तो भाड्याच्या बरोबरीला येतो.

आता तीन एकरांना किती तास लागतात? उन्हाळी नांगरट एक, पहिल्या पावसात एक, चिखलणी दोनदा, रब्बीला दोन पाळ्या. सहा फेऱ्या, एकरी सरासरी दोन तास. तीन एकरांना ३६ तास.

३६ आणि १३३. मधले ९७ तास कुठून आणणार, हा खरा प्रश्न आहे, आणि तो शोरूममधला माणूस तुम्हाला विचारत नाही.

"भाड्याने देऊ" हे उत्तर लगेच येतं. देता येतं, पण जुलैमध्ये सगळ्यांना एकाच पंधरवड्यात हवा असतो आणि तेव्हा तुमचं स्वतःचं कामही चालू असतं. त्या काळात बाहेरचे ३०-४० तास मिळाले तरी चांगलं. उरलेले तास रब्बीच्या मशागतीतून, भाताच्या मळणीतून आणि आसपासच्या फार्महाऊसच्या बागांतून यायला हवेत. गावात फिरून किमान सात-आठ शेतकऱ्यांची नावं, त्यांचे गुंठे आणि कोणत्या महिन्यात काम आहे हे वहीत लिहा. वही भरली नाही तर भाड्यानेच काम करून घ्या आणि पैसे धंद्यात ठेवा. विटा-रेती वाहून तास भरायचा विचार असेल तर थांबा. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याच्या मालवाहतुकीला लावणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकतो.

एवढं असूनही स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचं एक सबळ कारण आहे, ते म्हणजे वेळ. राबातली रोपं २१ ते २५ दिवसांची झाली की आवणी व्हायला हवी. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आधी मोठ्या शेतकऱ्याकडे जातो, तुमच्या दोन एकरांचा नंबर शेवटी. आठ-दहा दिवस उशीर झाला की रोपं म्हातारी होतात, फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटतं. ज्याला दोन-तीन वर्षं सलग हा अनुभव आला आहे त्याने हिशेबात ते नुकसानही धरावं. मग १३३ चा आकडा खाली येतो. दोन-तीन भाऊबंदांनी मिळून एक यंत्र घेणं हा त्यावरचा उपाय, फक्त डिझेल, दुरुस्ती आणि पाळी कुणाची हे आधी कागदावर येऊ द्या.

अनुदानाचं थोडक्यात. कृषी यांत्रिकीकरणासाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी बिल फाडून मग अर्ज केला तर अनुदान जातं. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याणची वेगळी योजना आहे. त्यात ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं मिळून साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. गटातले ८० टक्के सभासद आणि अध्यक्ष-सचिव त्या घटकातले हवेत. ही योजना बसत असेल तर वरचं सगळं गणित बदलतं, तेव्हा आधी ते तपासा.

सौदा करताना दोन कामं न लाजता करा. शेतापर्यंतच्या वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजा, फाटक असो, गल्ली असो की साकव, आणि तो आकडा ट्रॅक्टरच्या रुंदीशी नव्हे, रोटावेटरच्या रुंदीशी ताडून बघा. आणि डेमो शोरूमच्या आवारात घेऊ नका. जुलैमध्ये, दोन दिवस पाऊस झाल्यावर, स्वतःच्या खाचरात, रोटावेटर लावून मागा. आधी टाकी काठोकाठ भरा, दहा गुंठे चिखलणी करून घ्या, पुन्हा काठोकाठ भरा आणि किती डिझेल गेलं ते मोजा. तेव्हाच डीलरला विचारा की रोटावेटरच्या बाजूचं ऑइल सील चिखलाने गेलं तर मेकॅनिक किती तासांत येईल आणि कुठून येईल. सील शंभर-दोनशेचं असतं, पण त्यासाठी आवणीचे दोन दिवस गेलेले मी काउंटरवरून बरेच पाहिलेत. ज्याचा मेकॅनिक वाड्यात किंवा पडघ्यात बसतो त्याला पाच-दहा हजार जास्त द्यायला मी तयार होईन.