एक मीटर, चार कार्यालये

भारतातील अनेक जुन्या शहरांत राहत्या घरांचीच पुढे कार्यालये झालेली आढळतात. तळमजल्यावर विमा प्रतिनिधी, वर वकील, त्यांच्या शेजारी हिशेबतपासनीस आणि वास्तुशिल्पी. वीजमीटर मात्र घराच्या काळातला, एकच. महिन्याचे देयक चौघांत सारखे वाटले, की दिवसभर वातानुकूलन यंत्र चालविणारा निश्चिंत राहतो आणि एका पंख्याखाली बसणारा कुरकुरतो. हा तंटा मिटविण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र उपमीटर दिला जातो.

मीटर भिंतीवर चढविणे हा यातील सर्वांत सोपा भाग होय. कसोटी लागते ती तारजोडणीची. घरासाठी टाकलेल्या तारांना भाडेकरूंच्या सीमा ठाऊक नसतात. एका खोलीतील दिव्याला फेज एका मंडलातून, तर न्यूट्रल शेजारच्या मंडलातून घेतलेली असते. सगळा वापर एकाच मीटरवर नोंदला जात होता तोवर देयकात त्याने फरक पडत नव्हता. आता पडतो. भारतात वापरात असलेले अनेक इलेक्ट्रॉनिक मीटर, चोरीला आळा बसावा म्हणून, दोन्ही तारांतील प्रवाह मोजतात आणि जो अधिक असेल त्यावरून नोंद करतात. शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह वकिलांच्या न्यूट्रलमधून गेला, तर ती वीज वकिलांच्या नावावर चढते. शिवाय फेजच्या वाटेने शेजाऱ्याच्या मीटरवरही तिची नोंद होतेच. एकाच विजेचे दोनदा पैसे, आणि तेही दोन्ही मीटर निर्दोष असताना!

म्हणून परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून आधी प्रत्येक कार्यालयाची मंडले फेज व न्यूट्रलसह वेगळी करून घ्यावी लागतात. त्यानंतरची परीक्षा कोणालाही समजेल अशी आहे. एका कार्यालयातील सर्व उपकरणे बंद करून शेजारी वापर चालू ठेवावा. बंद कार्यालयाच्या मीटरवरील तांबडा दिवा लुकलुकता कामा नये. मग तेथे १००० वॅटची शेगडी १५ मिनिटे चालवावी. मीटरवर युनिटामागे ३२०० स्पंद असे लिहिलेले असेल, तर दिवा सुमारे ८०० वेळा लुकलुकला पाहिजे.

एवढे करूनही उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी जुळत नाही. समजा, मुख्य मीटरवर ११५० युनिटे आणि चार उपमीटरांवर मिळून ९६०. उरलेल्या १९० युनिटांत जिन्यातील दिवे, पाण्याचा पंप, तारांतील घट आणि मीटरना स्वतःला लागणारी थोडी वीज येते. भांडणे बहुधा याच आकड्यावरून होतात. पंप व जिना यांना पाचवा उपमीटर लावणे हा खर्च वाया जाणारा नव्हे. संशयाचा आकडा त्यामुळे फारच लहान होतो. जिना सर्वांचाच, तेव्हा त्याचा भार समान वाटावा. पंपाचा वाटा मात्र पाण्याच्या वापराप्रमाणे ठरविणे अधिक न्याय्य.

दराचा प्रश्न नाजूक आहे. २००३च्या विद्युत अधिनियमानुसार परवान्याशिवाय विजेचा व्यापार करता येत नाही; उपमीटरांसंबंधीचे नियम राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत. मालकाने नफा न घेता मूळ देयकच वाटून घ्यावे आणि ते भाडेकरूंना दाखवावे. सर्व मीटर एकाच दिवशी, शक्य तर मुख्य मीटरच्या वाचनाच्या दिवशीच, दोघांच्या समक्ष वाचून वहीत सह्या घ्याव्यात.