एका ॲपची बंदी आणि तिचे परिणाम

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ‘टिकटॉक’ हें नांव ठाऊक आहे. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें चीनशीं संबंध असलेल्या ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत हें ॲप सर्वांत लोकप्रिय होतें. त्याचे या देशांतील वापरकर्ते त्या सुमारास २० कोटींच्या घरांत असल्याचें सांगितलें जात असे. एवढा मोठा प्रेक्षकवर्ग एका रात्रींत आपल्या जागेवरून उठविला गेला. अशा बंदीनें बातमी, करमणूक व जाहिरात यांच्या व्यवहारांत काय उलथापालथ होते, हें पाहण्यास आपणांस परदेशीं जावयास नको. ती आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे. तिचाच विचार आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

प्रथम बंदीचें कारण पाहूं. १५ जून २०२० च्या रात्रीं लडाखमधील गलवान खोऱ्यांत चिनी सैन्याशीं झालेल्या झटापटींत आपले वीस जवान धारातीर्थीं पडले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आंत सरकारनें माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वयें हें पाऊल उचललें. लोकांची खासगी माहिती या ॲपांवाटे देशाबाहेर जाते व त्यामुळें देशाच्या सार्वभौमत्वास धोका पोहोंचतो, असें कारण सरकारनें दिलें. जानेवारी २०२१ मध्यें ही बंदी कायम करण्यांत आली. देशाच्या रक्षणाकरितां सरकारनें कठोर होऊं नये, असें कोणीहि विचारी मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु हेतु चांगला असला म्हणजे परिणाम हेतूपुरतेच मर्यादित राहतात, असें मात्र नाहीं.

हें ॲप एवढें फोफावलें कशानें? वृत्तपत्र काढावयाचें तर छापखाना, कागद व संपादक हवा. नाटकास रंगमंच हवा. दूरचित्रवाणीस मोठें भांडवल हवें. या प्रत्येकाच्या दारीं कोणी तरी द्वारपाळ उभा असतो, व तो ज्यास आंत सोडील तोच लोकांपुढें येतो. २०१६ च्या अखेरीपासून मोबाईलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झालें आणि लहानशी चित्रफीत करण्यास हातांतला फोन पुरेसा झाला. टिकटॉकवर तर आधीं मित्रमंडळी जमविण्याचीहि गरज नसे. नवख्या माणसाची चित्रफीत यंत्र प्रथम थोड्या लोकांपुढें ठेवी. त्यांनीं ती आवडीनें पाहिली कीं आणखी पुष्कळांपुढें ठेवी. या यंत्राच्या निवडींतहि दोष होतेच, परंतु शुद्ध बोलण्याची अट तेथें नव्हती. आमच्या सोलापुरांत मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू या भाषा एकाच पेठेंत ऐकूं येतात. त्यांच्या मिश्रणांतून झालेली येथील बोली वृत्तपत्रांत छापतांना सुधारून घेतली जाते. चित्रफितींत मात्र ती जशीच्या तशी उतरते.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जिवावर बेतणारीं धाडसें, बीभत्स विनोद व वेळेचा भयंकर अपव्यय यांमुळें पालकवर्ग त्रस्त झाला होता. एप्रिल २०१९ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें मुलांस अपायकारक अशा मजकुराच्या कारणावरून या ॲपविरुद्ध आदेश दिला होता. कंपनीचें म्हणणें ऐकल्यावर त्याच महिन्यांत तो मागें घेण्यांत आला.

आतां बंदीनंतर काय झालें तें पाहूं. दहा दिवस उलटण्यापूर्वींच फेसबुक कंपनीनें इन्स्टाग्रामवर ‘रील्स’ आणिलें. सप्टेंबरांत गूगलच्या यूट्यूबनें ‘शॉर्ट्स’ची चाचणी प्रथम भारतांतच सुरू केली. मोज, जोश, टकाटक, चिंगारी अशीं देशी ॲपेंहि मोठ्या उत्साहानें पुढें आलीं. परंतु स्पर्धेंत टिकाव धरणें कठीण गेलें. ‘मोज’ चालविणाऱ्या शेअरचॅट कंपनीनें २०२२ मध्यें ‘टकाटक’ आपल्यांत सामावून घेतलें. मोठा प्रेक्षकवर्ग गेला तो ज्यांच्याजवळ आधींच प्रेक्षक, पैसा व जाहिरातदार होते अशा दोन अमेरिकन कंपन्यांकडे. म्हणजे लहान चित्रफिती पाहण्याची संवय तिळभरहि कमी झाली नाहीं. एक दार बंद झालें आणि उरलेल्या दारांवरची गर्दी वाढली. आज वृत्तपत्रें व वृत्तवाहिन्याहि आपली बातमी मिनिटाच्या चित्रफितींत बसवून त्याच दारीं उभ्या आहेत. स्थानिक दुकानदार पूर्वीं जो पैसा गांवच्या पत्रास जाहिरातीसाठीं देई, त्याचा वांटाहि त्याच दाराकडे वळतो.

मग तोटा कोणाचा झाला? ज्यांची सारी पुंजी त्या एकाच ठिकाणीं होती त्यांचा. पेठेंतील दुकान पडलें तरी गिऱ्हाइक मालकास घरीं जाऊन शोधूं शकतें; येथें मात्र चाहत्यांची यादी कंपनीच्या ताब्यांत असते. ॲप बंद होतांच वर्षानुवर्षांचें काम आणि चाहते दोन्ही दिसेनासे झाले. कांहीं जण यांतून तरले. बारामती तालुक्यांतील मोढवे गांवचे सूरज चव्हाण टिकटॉकवर प्रसिद्धीस आले, बंदीनंतर अन्य माध्यमांकडे वळले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें दूरचित्रवाणीवरील ‘बिग बॉस मराठी’ या स्पर्धेंत विजयी झाले. परंतु एक जण तरला म्हणून नदीला पूर नव्हता असें होत नाहीं.

बंदी हा शब्द सोलापूरकरांस नवा नाहीं. मे १९३० मध्यें या शहरांत लष्करी कायदा पुकारण्यांत आला, तेव्हां ‘कर्मयोगी’ पत्राच्या संपादकांस तुरुंगांत जावें लागलें. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांपैकीं कुर्बान हुसेन हे स्वतः ‘गझनफर’ नांवाचें पत्र चालवीत. परकी सत्तेनें स्वातंत्र्याचा आवाज दडपणें आणि लोकनियुक्त सरकारनें परदेशी कंपनीचें ॲप बंद करणें, या दोन गोष्टी आम्ही एका मापानें मोजीत नाहीं. तथापि एक धडा दोहोंतहि दिसतो. १८७८ मध्यें देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध आले, तेव्हां ‘अमृत बझार पत्रिका’ बंगाली सोडून इंग्रजींत निघूं लागली. १९४२ मध्यें वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हां मुंबईंत गुप्त नभोवाणी बोलूं लागली. वाहतें पाणी अडविलें तर तें आटत नाहीं; जिकडे उतार असेल तिकडे वळतें. म्हणून बंदीचा विचार करतांना उतार कोणीकडे आहे, हें आधीं पाहावें लागतें.

शेजारच्या नेपाळांत हेंच दिसलें. सप्टेंबर २०२५ मध्यें तेथील सरकारनें नोंदणी न केल्याच्या कारणावरून फेसबुक व यूट्यूबसह २६ समाजमाध्यमें बंद केलीं. टिकटॉकनें नोंदणी केली असल्यामुळें तें चालू राहिलें, आणि तरुण तिकडे एकत्र आले. भ्रष्टाचाराविषयींचा संताप आधींच धुमसत होता. ८ सप्टेंबरच्या निदर्शनांवर गोळीबार होऊन अनेक तरुण मृत्युमुखीं पडले. बंदी उठविण्यांत आली आणि दुसऱ्या दिवशीं पंतप्रधान ओली यांनीं राजीनामा दिला.

तेव्हां कोणत्याहि बंदीविषयीं सुजाण नागरिकानें चार प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें. धोका कोणता, हें लोकांस उघडपणें सांगितलें आहे काय? ज्याच्यावर बंदी आली त्याचें म्हणणें ऐकून घेतलें काय? तोच धोका इतर कंपन्यांकडून असेल तर त्यांस कोणता नियम लागू आहे? आणि रिकामी झालेली जागा कोण घेणार? यांतील तिसरा प्रश्न आपल्या संसदेपुढेंहि आला, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. बंदी एका कंपनीस दूर करते. नियम सर्वांस बांधतो.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, एक ॲप बंद झालें म्हणून निर्धास्त राहूं नये. मुलाच्या हातांतला फोन तोच आहे. आणि विद्यार्थिमित्रांनीं आपलें गाणें, चित्र वा लेख कोठेंहि प्रसिद्ध करावें, पण त्याची एक प्रत आपल्यापाशीं जपून ठेवावी. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार केव्हां उचलावा लागेल, याचा नेम नसतो.